१९५९ हे साल नव्हे: जुने ब्रिटिश गिटार अ‍ॅम्प वाचायचे कसे

समजा, तुम्ही लीड्समध्ये, न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून जुन्या वाद्यांच्या जाहिराती चाळताय आणि एक ओळ दिसते: 'मार्शल १९५९, मूळ स्थितीत.' वाटतं, बाप रे, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा मार्शल! पण जरा थांबा. १९५९ साली मार्शल नावाचा अ‍ॅम्प जगात नव्हताच. पहिला मार्शल आला १९६२ मध्ये.

मग हा १९५९ काय प्रकार आहे? १९६५ मध्ये मार्शलने रोझ-मॉरिस या वितरक कंपनीशी करार केला. त्यांच्या कॅटलॉगात मालाला चार आकडी क्रमांक असत. १०० वॉटच्या सुपर लीड अ‍ॅम्पला मिळाला १९५९, ५० वॉटच्या अ‍ॅम्पला १९८७, चार स्पीकरच्या पेटीला १९६० आणि दोन स्पीकर आत बसवलेल्या कॉम्बोला १९६२. हे आकडे सालांसारखे दिसतात आणि अजूनही माणसं त्यांना फसतात. १९७४ साली बनलेला 'मार्शल १९५९' असू शकतो, आणि गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेलाही असू शकतो.

पॉडकास्टच्या भागात आपण या अ‍ॅम्पच्या आवाजाबद्दल बोललो. इथे ते डोळ्यांनी वाचायला शिकू या. माझं काम तंत्रज्ञानाच्या इतिहासाचं, म्हणजे दिवसभर कागदपत्रांत डोकं खुपसून बसायचं. पण काही वस्तू स्वतःच दफ्तर असतात. जुना ब्रिटिश अ‍ॅम्प ही त्यातली एक. त्याच्या आत तारखा आहेत, कारखान्यांची नावं आहेत, दुरुस्तीच्या खुणा आहेत, आणि कधीकधी थापाही आहेत.

आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह

अमेरिकेत ज्याला ट्यूब म्हणतात त्याला इंग्लंडात व्हॉल्व्ह म्हणतात. आपल्याकडेही व्हॉल्व्हच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, 'व्हॉल्व्हचा रेडिओ' म्हटल्यावर ते लगेच सांगतील: बटण फिरवलं की आधी तो तापायचा, मग हळूच आवाज यायचा. ठाण्यात ज्याचा कारखाना होता तो मर्फी रेडिओ मूळचा ब्रिटिश कंपनीचा. बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. तेव्हा हे तंत्र तुम्हांला वाटतं तेवढं परकं नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतली तार तापते, तिच्यामुळे तापलेल्या धातूच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारमधून आलेला बारीकसा विद्युत संकेत या जाळीवर दिला की तो इलेक्ट्रॉनच्या मोठ्या प्रवाहाला कमी-जास्त करतो. पाटाच्या पाण्याला दार लावावं तसं. व्हॉल्व्ह हे नाव त्यावरूनच पडलं. या नळीवर तिच्या ताकदीपलीकडे भार टाकला की आवाजाची लाट वरून दबते, चपटी होते. त्याच दबलेल्या, खरखरीत आवाजावर रॉक संगीत उभं राहिलं.

युरोपीय व्हॉल्व्हच्या नावातही माहिती असते. ईसीसी८३ घ्या. 'ई' म्हणजे तापवायला ६.३ व्होल्ट लागतात, 'सीसी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ईएल८४ आणि ईएल३४ मधला 'एल' म्हणजे स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा पॉवर पेंटोड. जीझेड३४ मधला 'जी' म्हणजे ५ व्होल्ट आणि 'झेड' म्हणजे एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर. ही चार नावं लक्षात ठेवा. पुढे ती परत परत भेटतील.

डॉलर नव्हते म्हणून

ब्रिटिश अ‍ॅम्प जन्माला आले त्यामागे टंचाई आहे. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर कमी होते आणि १९५० च्या दशकात अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर सरकारी बंदी होती. ती १९५९ मध्ये उठली. फेंडरचे अमेरिकन अ‍ॅम्प त्यानंतरही महागच. पोरांना गिटार वाजवायची होती, क्लबात गर्दी वाढत होती आणि बाजारात माल नव्हता. अशा वेळी स्थानिक कारागीर हात चालवतो.

केंट परगण्यातल्या डार्टफर्डमध्ये टॉम जेनिंग्ज यांची जेनिंग्ज म्युझिकल इंडस्ट्रीज ही कंपनी होती, जिला सगळे जेएमआय म्हणतात. डिक डेनी हा त्यांचा रचनाकार स्वतः गिटार वाजवायचा. १९५८ मध्ये त्यांनी व्हॉक्स या नावाने एसी१५ बाजारात आणला. त्यात दोन ईएल८४. द शॅडोज या बँडला गर्दीच्या गोंगाटावर ऐकू जाईल असा आवाज हवा होता, १५ वॉट पुरेनात. मग चार ईएल८४ चा एसी३० आला. त्यात सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची निळे स्पीकर दोन. बीटल्सने व्हॉक्स वापरले आणि नाव जगभर गेलं. क्वीन बँडच्या ब्रायन मेचा आवाजही एसी३० चाच, आणि त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. त्याचा पहिला बँड तिथलाच.

दुसरा धागा पश्चिम लंडनचा. हॅनवेलमध्ये अक्सब्रिज रोडवर ७६ क्रमांकाचं दुकान होतं जिम मार्शलचं. हा माणूस ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा. दुकानात येणारी गिटारवाली मंडळी त्याला सांगत, आम्हांला हवा तसा अ‍ॅम्प मिळत नाही. लंडनकरांना हा रस्ता ठाऊक असेलच, हॅनवेल ओलांडलं की तोच पुढे साउथॉलमधून जातो. दुकानातला दुरुस्ती कारागीर केन ब्रॅन आणि इएमआय कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन हा तरुण पोरगा, या दोघांनी फेंडर बेसमन हा अमेरिकन अ‍ॅम्प समोर ठेवून त्याची नक्कल करायला घेतली. जिम आणि त्याचा मुलगा टेरी यांच्या नावावरून अ‍ॅम्पचं नाव पडलं जेटीएम४५.

नक्कल, पण इंग्लंडात मिळतील त्या सुट्या भागांची. पहिल्या जागी अमेरिकन १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ बसवला, तो संकेत जास्त वाढवतो. पॉवर व्हॉल्व्ह आधी ५८८१, मग ब्रिटिश केटी६६, पुढे ईएल३४. फेंडरची पेटी मागून उघडी आणि आत १० इंची चार स्पीकर, मार्शलची पेटी बंद आणि आत १२ इंची चार सेलेस्टियन. नकाशा जवळपास तोच, आवाज वेगळा. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर रेकॉर्ड केलेल्या तबकडीत तो '१९६२' क्रमांकाचा कॉम्बो ऐकू येतो. म्हणून त्याला आजही ब्लूजब्रेकर म्हणतात.

बाकीची मंडळीही होती. चेरिंग क्रॉस रोडवरच्या सेल्मरचे अ‍ॅम्प मगरीच्या कातडीसारख्या नक्षीने मढवलेले असत. चार्ली वॉटकिन्सने डॉमिनेटर अ‍ॅम्प आणि कॉपीकॅट हे टेपवर प्रतिध्वनी देणारं यंत्र काढलं. क्लिफ कूपरने १९६८ मध्ये लंडनच्या न्यू कॉम्प्टन स्ट्रीटवर ऑरेंज सुरू केलं, आणि त्याचे सुरुवातीचे अ‍ॅम्प हडर्सफील्डच्या मॅट मथायसने बनवले. मलार्डमध्ये काम केलेल्या डेव्ह रीव्हजने हायवॉट काढलं. त्याच्या डीआर१०३ मधला 'डीआर' म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं.

बाहेरून आत वाचायचं

आता एक अ‍ॅम्प समोर आहे असं धरा. विकणारा म्हणतो, '१९६८ चा मार्शल.' तुम्ही काय बघाल?

आधी तोंडावरची पट्टी. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून मार्शलची पट्टी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची होती, मागून सोनेरी रंग दिलेली. त्यावरून त्या अ‍ॅम्पना 'प्लेक्सी' म्हणतात. १९६९ च्या मध्याला ती जाऊन सोनेरी धातूची पट्टी आली. पट्टीवर जेटीएम लिहिलंय की जेएमपी तेही पाहा, जेएमपी नंतरचं. १९६९ च्या मध्यापासून सिरियल नंबरात सालाचं अक्षर येऊ लागलं: ए म्हणजे १९६९-७०, सी म्हणजे १९७१, डी म्हणजे १९७२, आणि असं पुढे एच म्हणजे १९७६. बी हे अक्षर वगळलेलं आहे. म्हणजे १९६८ सांगितलेल्या अ‍ॅम्पवर धातूची पट्टी आणि सी अक्षर असेल, तर बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही.

व्हॉक्सचं वेगळं. सुरुवातीचे एसी३० फिकट बदामी रंगाचे, नंतरचे काळे. बटणांची पट्टी आधी तांब्याच्या रंगाची, १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर राखाडी. पण सगळ्यांत बोलकी असते मागची नावपट्टी. जेनिंग्ज यांच्या हातून कंपनी १९६० च्या दशकातच गेली आणि व्हॉक्स हे नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिलं. १९९२ मध्ये ते जपानच्या कॉर्गकडे आलं. त्यामुळे 'व्हॉक्स' वाचून भागत नाही. खाली बनवणाऱ्या कंपनीचं नाव काय आहे ते वाचा. डार्टफर्डचा अ‍ॅम्प हवा असेल तर तिथे जेनिंग्ज हे नाव असायला हवं.

मग मागून आत डोकवा. हात न घालता, फक्त टॉर्च मारून. ट्रान्सफॉर्मर कुणाचे? पहिल्या जेटीएम४५ मध्ये रेडिओस्पेअर्सचे, नंतरच्या मार्शलमध्ये ड्रेक किंवा डॅगनॉलचे, हायवॉटमध्ये पार्ट्रिजचे. कपॅसिटर, ज्याला आपल्याकडचे रेडिओ दुरुस्तीवाले कंडेन्सर म्हणायचे, ते मलार्डचे मोहरीच्या रंगाचे पिवळे आहेत का? सुटे भाग हाताने जोडलेल्या पट्टीवर आहेत की छापील सर्किट बोर्डवर? मार्शल १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात छापील बोर्डाकडे वळली. स्पीकरच्या चौकटीवर तारखेचा शिक्का असतो, तो टिपून ठेवा.

व्हॉल्व्हवरही तारीख सापडते. मलार्डचा मोठा कारखाना लँकशायरमधल्या ब्लॅकबर्नला होता. तिथल्या व्हॉल्व्हच्या काचेवर खाली बारीक अक्षरांत काही कोरलेलं असतं, समजा बी४एच३. 'बी' म्हणजे ब्लॅकबर्न, '४' हा सालाचा शेवटचा आकडा, 'एच' म्हणजे आठवा महिना ऑगस्ट, '३' म्हणजे तिसरा आठवडा. साल १९६४ की १९७४, ते बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. आणि नुसतं छापलेलं 'मलार्ड' हे नाव पाहून हुरळू नका. त्या नावाने आज विकले जाणारे नवे व्हॉल्व्ह रशियातल्या साराटोव्हमध्ये बनतात. वाईट नसतात ते, पण ब्लॅकबर्नचे नाहीत.

या सगळ्या तारखा जुळवताना इतिहासकारांचा एक साधा नियम वापरा. घरात १९७० चं नाणं सापडलं म्हणून घर १९७० चं ठरत नाही, कुणीतरी नंतर टाकलेलं असू शकतं. पण ते नाणं भिंतीच्या आत, मूळ चुन्यात सापडलं, तर भिंत १९७० च्या आधीची असूच शकत नाही. अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह हे जमिनीवर पडलेलं नाणं, ते दर काही वर्षांनी बदलतात. स्पीकरही बदलतात. ट्रान्सफॉर्मर आणि कधीच न हललेले डाग दिलेले कंडेन्सर हे चुन्यातलं नाणं. मूळ डाग कसा दिसतो आणि नंतरचा कसा, हे ओळखायला वेळ लागतो, पण डोळा तयार होतो.

नव्याने काढलेल्या जुन्या धर्तीच्या आवृत्त्याही पुष्कळ आहेत, आणि त्या काही खोट्या नव्हेत. खोटं असतं ते विकणाऱ्याचं बोलणं. मागच्या पट्टीवर 'सीई' ही युरोपीय खूण छापलेली असेल तर तो अ‍ॅम्प १९९० च्या दशकातला किंवा नंतरचा, इतकं सोपं आहे ते. संगणकाला असतं तसलं आयइसी सॉकेट मात्र पुरावा धरू नका. जुन्या अ‍ॅम्पला ते नंतर बसवलेलं असू शकतं, आणि बसवलेलं असेल तर उलट चांगलंच.

जिवाचा प्रश्न, आणि दुसरा एक

ते चांगलं का? कारण १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश अ‍ॅम्पना बल्जिन नावाचं मेन्स सॉकेट असायचं, जे आजच्या मापाने धोक्याचं आहे. शिवाय जुन्या ब्रिटिश वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. १९७० च्या सुमाराला तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशी पद्धत आली. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज. तिथे राहणाऱ्या कुणी जुन्या ब्रिटिश वायरीला आपल्या सवयीने प्लग लावला तर काय होईल, ते सांगायला नको. तेव्हा तीन गोष्टी पक्क्या धरा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ४००-५०० व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून अ‍ॅम्प स्वतः उघडायचा नाही, जाणत्या कारागिराकडे न्यायचा. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि इंग्लंडात तेव्हा २४० व्होल्ट होते, अमेरिकेत १२० आहेत. मागचा व्होल्टेजचा निवडक काय दाखवतो ते कारागिराने तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

दुसरा प्रश्न इतक्या लवकर सुटत नाही. अ‍ॅम्प वाजता ठेवायचा तर कंडेन्सर बदलावे लागतात. रासायनिक द्रव असलेले मोठे कंडेन्सर काही दशकांत सुकतात, गळतात. ते बदलले की 'मूळ स्थिती' गेली, पुरावाही गेला. न बदलावे तर अ‍ॅम्प मुका, किंवा घातक. संग्रह करणाऱ्यांत यावर कायम भांडणं असतात.

माझं मत सांगते. वाजणारा अ‍ॅम्प वाजू द्यावा, जिवाला धोका असेल ते बदलावं आणि बाकी कशालाही उगाच हात लावू नये. बदलण्याआधी फोटो काढावेत. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, त्यावर तारीख आणि जागा लिहून, अ‍ॅम्पबरोबरच ठेवावा. त्याने पुढच्या माणसाला चुन्यातलं नाणं कुठे होतं ते कळतं.

खरं नुकसान दुरुस्तीने होत नाही, तोडफोडीने होतं. निळ्या सेलेस्टियन स्पीकरला वेगळी किंमत, ब्लॅकबर्नच्या व्हॉल्व्हला वेगळी, पिवळ्या कंडेन्सरला वेगळी, जुन्या ट्रान्सफॉर्मरला वेगळी. या तुकड्यांची बेरीज अख्ख्या अ‍ॅम्पच्या किमतीपेक्षा जास्त झाली की कुणीतरी पाना घेऊन बसतं. सुटे भाग जगभर जातात आणि त्यांच्यातलं नातं, कुठला भाग कुठल्या भागाशेजारी बसला होता ही माहिती, कायमची संपते. उत्खननातल्या मडक्याचं तेच होतं. बाजारात खापराला किंमत येते आणि जागेची नोंद हरवते. तुम्ही एखादा सुटा 'मूळ' भाग विकत घेत असाल, तर तो कशातून काढला हे विचाराच. उत्तर मिळालं नाही, तर न घेणंही हातात असतं.

पट्टीवर नसलेली नावं

हे सगळं मी इतक्या हिरिरीने का सांगतेय? कारण पट्टीवर एकच नाव असतं. मार्शल वाचून जिम मार्शल आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण इएमआयमध्ये उमेदवारी करत अ‍ॅम्पचं सर्किट उभं करणारा डडली क्रेव्हन पट्टीवर नाही. हायवॉटची वायरिंग इतकी काटकोनात, नीट की उघडून बघत राहावं. ती हॅरी जॉइस या माणसाच्या देखरेखीखालची, नाव मात्र हायवॉटचं. आणि ब्लॅकबर्नच्या मलार्ड कारखान्यात व्हॉल्व्हच्या आतल्या केसासारख्या तारा, जाळ्या आणि पत्रे जुळवणारे हात मोठ्या प्रमाणात बायकांचे होते. आज एका व्हॉल्व्हसाठी संग्राहक जे पैसे मोजतात ते त्या हातांच्या सफाईचे. त्या बायकांची नावं कुठल्याही जाहिरातीत नसतात.

आपण परदेशात वाढलेली किंवा आलेली माणसं. हॅनवेलचं ते दुकान चालायचं तेव्हा शेजारच्या साउथॉलमध्ये पंजाबातून आलेले कामगार रबराच्या कारखान्यात राबत होते. मार्शलचा कारखाना १९६४ मध्ये हेजला गेला. तिथेच इएमआयचा मोठा कारखाना होता, ज्या कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातून आपल्या आजी-आजोबांच्या तबकड्या निघायच्या. पश्चिम लंडनचा हा पट्टा म्हणजे काम करणाऱ्या हातांचा इतिहास आहे, आणि त्यातले फार थोडे हात नावानिशी नोंदले गेले.

सुरुवात करायला प्लेक्सी किंवा तांब्याच्या पट्टीचा एसी३० लागत नाही, आणि परवडणारही नाही. वॉटकिन्सचा किंवा सेल्मरचा एखादा छोटा अ‍ॅम्प शोधा, नाहीतर व्हॉल्व्हचा जुना रेडिओसुद्धा चालेल. कारागिराकडे न्याल तेव्हा उभे राहून बघा आणि आत काय दिसतंय ते विचारा. बहुतेक कारागीर आनंदाने सांगतात, कारण त्यांना सहसा कुणी विचारत नाही. आत कुठे पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरं, तपासणीचा शिक्का, जुन्या दुरुस्तीची चिठ्ठी सापडली तर पुसू नका, फोटो घ्या. मग एका कागदावर अ‍ॅम्प कुणाकडून घेतला, केव्हा, काय बदललं आणि कुणी बदललं ते लिहा, आणि तो कागद पेटीच्या आत, गरम भागांपासून दूर, चिकटवून ठेवा. मराठीत लिहिलात तरी चालेल. पन्नास वर्षांनी तो अ‍ॅम्प उघडणाऱ्याला तुमच्या अक्षरांचा अर्थ शोधावा लागेल, आणि तो शोधेलच.